बर्फाची कार्यपद्धती आणि शेवाळलेल्या वाटा : कोल्हापुरातील एका विद्यापीठ परिसराचे प्रकरण

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. हे प्रकरण व्यवस्थापनाच्या वर्गातील चर्चेसाठी रचलेले असून त्यातील परिसर, पदाधिकारी आणि घटनाक्रम कोणत्याही एका संस्थेचे नाहीत. कोल्हापूर आणि आसपासच्या मोठ्या शैक्षणिक आवारांत पावसाळ्यात जे सर्रास घडते, ते एका काल्पनिक आवारात एकत्र आणले आहे. पावसाचे, नदीचे, रसायनांचे आणि बर्फाळ प्रदेशांतील पद्धतींचे तपशील मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

परिस्थिती

कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण १,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात तो याच्या कित्येक पट असतो. परिसर सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने शहरातील पावसाची खरी अडचण त्याच्या प्रमाणापेक्षा त्याच्या चिकाटीत आहे. मृग आणि आर्द्रा जरा खंड देतात, पण पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस मिळून जुलै महिना व्यापतात, आणि त्यानंतर आश्लेषातही झड लागलीच तर फरशी, भिंत किंवा पायरी कित्येक दिवस कोरडी होत नाही. नेमक्या याच काळात प्रवेशप्रक्रिया, नव्या सत्राचे वर्ग आणि पुनर्परीक्षा चालू असतात, आणि आवाराची ओळख नसलेले शेकडो विद्यार्थी गावाकडून एसटीने येऊन प्रथमच त्या वाटांवरून चालतात.

प्रकरणातील परिसर काहीशे एकरांचा, उताराच्या माळावर वसलेला आहे. मध्यभागी ग्रंथालय, एका टोकाला मुला-मुलींची वसतिगृहे व भोजनगृह, दुसऱ्या टोकाला प्रशासकीय इमारत आणि परीक्षा भवन, आणि या सर्वांना जोडणाऱ्या पायवाटा. या पायवाटा वेगवेगळ्या काळांत बांधल्या गेल्या आणि त्यांचे पृष्ठभागही त्या त्या काळाचे आहेत. सर्वांत जुन्या वाटांवर घडीव काळा दगड आहे, त्यानंतरच्या भागात शहाबादी फरशी आहे, नंतरच्या दशकांत पेव्हर ब्लॉक आले, आणि अलीकडच्या इमारतींच्या पायऱ्यांना चकचकीत ग्रॅनाइट बसवलेले आहे. पैसा जसजसा वाढला तसतशा वाटा अधिक निसरड्या होत गेल्या, ही गोष्ट कोणत्याही अहवालात लिहिलेली नसली तरी आवारातील प्रत्येक सफाई कामगाराला ठाऊक होती.

पुनर्वसूत सलग झडीनंतर अर्ध्या दिवसाची उघडीप मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर सुरू झाली. त्या सकाळी ग्रंथालयाच्या बाजूच्या उतारावर एक विद्यार्थिनी घसरून पडली आणि तिचे मनगट मोडले. मुसळधार पावसात वाहते पाणी वाट धुऊन नेते आणि लोकही जपून चालतात. घसरण्याचा सर्वाधिक धोका असतो तो शेवाळाच्या चिकट थरावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसवणाऱ्या हलक्या सरीत. त्याच आठवड्यात वसतिगृहाच्या रस्त्यावर एक जुना गुलमोहर आडवा झाला आणि दुधाची गाडी भोजनगृहापर्यंत पोहोचू शकली नाही. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, त्यामुळे यात नवल काहीच नव्हते.

या दोन घटनांची चर्चा झाली. कुबड्यांच्या साहाय्याने चालणाऱ्या एका विद्यार्थ्याने कुलसचिवांना लिहिलेल्या पत्राची मात्र तेवढी झाली नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा कागद तोच आहे. जून संपल्यापासून आपण ग्रंथालयात गेलेलो नाही, असे त्याने लिहिले होते. पायऱ्या त्याला चढता येत नाहीत. त्याच्यासाठी केलेला उतार इमारतीच्या उत्तरेला, झाडाच्या सावलीत आणि छपराच्या पागोळ्यांखाली असल्याने आवारातील सर्वाधिक शेवाळलेली जागा तोच उतार होता. तो विद्यार्थी पडला नव्हता, म्हणून अपघातांच्या नोंदवहीत त्याचे नाव नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सार्वजनिक इमारतींमध्ये सुगम्यता देणे बंधनकारक आहे. वर्षातील चार महिने वापरता न येणारा उतार ही सुगम्यता ठरते काय, हा प्रश्न त्या पत्राने न विचारताही उभा केला.

पहिला प्रतिसाद

कुलसचिवांच्या कार्यालयातून त्याच दिवशी परिपत्रक निघाले : आवारातील सर्व पायवाटा, पायऱ्या व मोकळ्या जागा दररोज स्वच्छ कराव्यात. आदेशात त्रुटी काढता येण्यासारखे काही नव्हते, पण तो पाळता येणे शक्य नव्हते. आहे त्या मनुष्यबळात खराट्याने घासून सगळ्या वाटा एकदा संपवायलाच कित्येक दिवस लागत, आणि शेवटची वाट संपेपर्यंत पहिली पुन्हा हिरवी झालेली असे. ‘सर्व’ आणि ‘दररोज’ हे दोन शब्द एकत्र आले की क्रम ठरवण्याची जबाबदारी आपोआप मुकादमावर येते, आणि मुकादम तो क्रम स्वाभाविकपणे वरिष्ठांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून ठरवतो. प्रशासकीय इमारतीचा दर्शनी चौक रोज घासला जाऊ लागला. ग्रंथालयाचा उत्तरेकडील उतार तसाच राहिला.

या प्रश्नासाठी नेमलेल्या समितीच्या आढावा बैठकीत मुकादमाने एकच वाक्य उच्चारले : “साहेब, नुसतं घासून काय होणार न्हाई, पाणी कुठनं येतंय ते आधी बघा.” इतिवृत्तात हे वाक्य आले नाही. पुढील दोन महिन्यांत समितीने जे शोधून काढले त्याचा निम्मा भाग त्यात होता.

बर्फाळ परिसरांकडून घेतलेली चौकट

समितीतील भूगोलाच्या एका प्राध्यापकांनी परदेशातील एका बर्फाळ विद्यापीठात काही वर्षे काढली होती. हिमवृष्टीच्या रात्रीनंतर सकाळी आठचा वर्ग तिथे वेळेवर कसा भरतो, हे त्यांनी बैठकीत समजावून सांगितले. कोल्हापुरात बर्फाचा विषय काढल्याबद्दल थोडी थट्टा झाली, पण त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेण्यासारखे होते.

उत्तर अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत बर्फ हटवण्याची लेखी योजना असते आणि ती हिवाळ्याच्या बऱ्याच आधी तयार होते. तिचा गाभा म्हणजे प्राधान्यक्रमाचा नकाशा. अग्निशमन दलाचे व रुग्णवाहिकेचे मार्ग, आरोग्य केंद्र, वसतिगृहांपासून भोजनगृहापर्यंतच्या वाटा आणि चाकाच्या खुर्चीसाठीचे उतार प्रथम. वर्गांच्या इमारतींचे मुख्य प्रवेश त्यानंतर. वाहनतळ, दुय्यम दरवाजे आणि शोभेच्या वाटा शेवटी. काही पायऱ्या तर संपूर्ण हिवाळाभर साखळी लावून बंदच ठेवतात, कारण शेजारी दुसरी वाट असताना त्या पायऱ्यांवर मनुष्यबळ खर्च करणे परवडत नाही. किती जाडीचा थर साचला की बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगराच्या गाड्या निघतील, हे आधीच ठरलेले असते. निर्णय घेणारी एक व्यक्ती पहाटे उठून हवामान पाहते आणि वर्ग वेळेवर भरवायचे, उशिरा भरवायचे की रद्द करायचे याबाबत वरिष्ठांना सल्ला देते. प्रत्येक चालकाला त्याचा ठरलेला मार्ग असतो आणि कोणता मार्ग किती वाजता पूर्ण झाला याची नोंद होते. ही नोंद पुढे कोणी घसरून पडून न्यायालयात गेले, तर संस्थेच्या बचावासाठीही लागते.

मीठ हा त्या योजनेचा दुसरा आधार. साधे मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, पण तापमान उणे ९ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की व्यवहारात त्याचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइडसारखी महाग द्रव्ये वापरावी लागतात. हिमवृष्टीच्या आधीच रस्त्यावर मिठाचे द्रावण फवारले, तर बर्फ पृष्ठभागाला घट्ट चिकटत नाही आणि एकूण मीठही कमी लागते. या मिठाची किंमत मात्र पुढे मोजावी लागते : काँक्रीटचे पापुद्रे सुटतात, त्यातील लोखंड गंजते, कडेची झाडे करपतात आणि वितळलेल्या पाण्याबरोबर क्लोराइड ओढ्यात आणि भूजलात जाते. वाळू किंवा बारीक खडी टाकल्याने पकड मिळते, पण ती बर्फ वितळवत नाही आणि नंतर गटारांत जाऊन बसते.

समितीने ही सारी चौकट जवळपास जशीच्या तशी उचलली. तिच्यातील काय टिकले आणि काय टिकले नाही, यातच या प्रकरणाचे सार आहे.

जे टिकले

टिकला तो नकाशा. तोही पहिल्या स्वरूपात टिकला नाही, कारण अभियांत्रिकी विभागाने तो मूळ बांधकामाच्या आराखड्यावरून काढला होता आणि आराखड्यात नसलेल्या वाटांनी विद्यार्थी चालत होते. एसटीच्या थांब्यावरून माळ ओलांडून थेट ग्रंथालयाकडे जाणारी मातीची पायवाट कोणत्याही कागदावर नव्हती, पण सकाळी साडेदहाच्या सुमारास आवारातील सर्वाधिक वर्दळ तिच्यावरच असे. बर्फाळ देशात नांगर जिथून जातो तीच वाट होते, कारण बाकी सर्व गुडघाभर बर्फाखाली असते. कोल्हापुरात चिखल कोणाला अडवत नाही. विद्यार्थी चप्पल हातात घेऊन जातील, पण वळसा घालणार नाहीत. म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना सकाळ-संध्याकाळ ठरावीक नाक्यांवर उभे करून कोण कुठून चालते याचे निरीक्षण केले गेले आणि नकाशा पुन्हा काढला गेला. मातीच्या पायवाटेवर मुरूम टाकून दोन्ही बाजूंना चर काढण्याचा निर्णय त्यातूनच झाला. नियोजनाच्या दृष्टीने ही बाब लहान वाटेल, पण मला ती संपूर्ण प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात संस्थेने विद्यार्थ्यांना शिस्त लावण्याचा मोह टाळला.

नव्या नकाशात पहिल्या श्रेणीत पाच जागा आल्या : ग्रंथालयाचा उतार व अन्य इमारतींचे असेच उतार, आरोग्य केंद्राची वाट, मुलींच्या वसतिगृहापासून भोजनगृहापर्यंतचा रस्ता, भोजनगृहाच्या मागील मोरीजवळची फरशी, आणि परीक्षा भवनाचा प्रवेश. पहिल्या श्रेणीचे काम सकाळी सातपूर्वी पूर्ण झालेच पाहिजे, दुसरीचे आठवड्यातून दोनदा, तिसरीचे उघडीप मिळेल तेव्हा. प्रशासकीय इमारतीचा दर्शनी चौक तिसऱ्या श्रेणीत गेला. या एका नोंदीवर समितीचा जितका वेळ गेला तितका बाकी संपूर्ण नकाशावर गेला नसेल.

पहाटेच्या निर्णयाची पद्धतही टिकली. सुरक्षा विभागाचा रात्रपाळीचा पर्यवेक्षक पहाटे पाच वाजता पहिल्या श्रेणीच्या जागांवरून फेरी मारतो, पडलेल्या फांद्या, तुंबलेली गटारे, पाण्यात उभे असलेले विजेचे खांब पाहतो आणि उपअभियंत्याला दूरध्वनी करतो. खांबाजवळ पाणी साचले असेल तर आधी वीजपुरवठा तोडायचा आणि मगच माणूस पाठवायचा, हा नियम कोणत्याही चर्चेविना मान्य झाला. वर्ग उशिरा भरवण्याचा अधिकार मात्र कोणीही खाली सोडायला तयार झाले नाही. तो कुलगुरूंकडेच राहिला, आणि पहाटे पाच वाजता कुलगुरूंना उठवण्याची हिंमत कोणी करत नसल्यामुळे तो व्यवहारात कोणाकडेच राहिला नाही.

तिसरी उपयुक्त गोष्ट बर्फाळ परिसरांतील अत्यावश्यक कर्मचाऱ्यांच्या यादीवरून सुचली. मोठे वादळ येणार असले की तिथली विद्यापीठे आवश्यक कर्मचाऱ्यांची रात्रीची सोय आवारातच करतात, कारण सकाळी रस्ते बंद असतील तर बर्फ हटवणाराच पोहोचत नाही. कोल्हापुरात ही अडचण पंचगंगा निर्माण करते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ पाणी आल्याने पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला. ठेकेदाराचे बरेच कामगार नदीकाठच्या गावांतून येत असल्याने पूर आला की ज्या आठवड्यात त्यांची सर्वाधिक गरज तोच आठवडा त्यांच्याविना जाई. समितीने बंधाऱ्याची पातळी थेट योजनेला जोडली : पाणी ३९ फुटांवर गेले की पहिल्या श्रेणीचे काम आवारात किंवा नदीच्या अलीकडे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या यादीकडे सोपवायचे, आणि ज्या कामगारांची घरे पाण्याच्या वाटेवर आहेत त्यांना घर सोडवण्यासाठी पगारी सुट्टी द्यायची. दुसऱ्या कलमाला वित्त विभागाने हरकत घेतली होती. घरात पाणी शिरत असताना माणूस दुसऱ्याची पायरी घासायला येईल ही अपेक्षाच मुळात व्यवहाराला धरून नाही, हे उपअभियंत्याने लेखी मांडल्यावर ती मागे घेण्यात आली.

जे टिकले नाही

मिठाच्या जागी समितीने ब्लिचिंग पावडर ठेवली, आणि इथे चौकट डळमळू लागली. ब्लिचिंग पावडर शेवाळ मारते यात शंका नाही, पण ती पृष्ठभागावर काही मिनिटे टिकली पाहिजे. झडीच्या पावसात ती टाकल्याबरोबर वाहून जाते. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीनचे प्रमाण वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश असते, आणि ओल लागली की ते झपाट्याने उतरते. आवाराच्या भांडारात पोती जमिनीवर, गळक्या भिंतीला टेकून ठेवलेली होती. त्यामुळे जुलै सरेपर्यंत कामगार वाटांवर जे पसरत होते त्यात चुना बराच आणि क्लोरीन थोडे होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की शौचालये धुण्याचे ॲसिडही त्याच खोलीत होते. ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे भांडारपालाला कोणी सांगितलेले नव्हते. दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवण्याचा आदेश निघाला तो सुदैवाने कोणत्याही दुर्घटनेआधी.

उद्यान विभागाने मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, फवारण्याचा पर्याय सुचवला. बागायतदारांना मोरचूद-चुन्याचे मिश्रण परिचित असल्याने तो सहज मान्य होण्याची चिन्हे होती. पण आवाराच्या उताराचे सारे पाणी खालच्या तळ्यात जाते आणि तांबे माशांना व अन्य जलचरांना विषारी आहे. प्राणिशास्त्र विभागाच्या विरोधामुळे तो प्रस्ताव थांबला. मिठाने तिकडच्या ओढ्यांचे जे होते तेच इकडे तळ्याचे झाले असते. पायवाटांवर खडीची कच टाकण्याचा प्रयोगही असाच फसला : आठवडाभर पकड मिळाली आणि मग सगळी कच पहिल्या मोठ्या सरीबरोबर गटारांत जाऊन बसली, ज्यामुळे पाणी तुंबून नव्या जागी शेवाळ धरले. उच्च दाबाच्या पाण्याच्या यंत्राने पेव्हर ब्लॉक लख्ख झाले, पण सांध्यांतील वाळू उडून गेल्यामुळे ब्लॉक हलू लागले आणि पाय ठेवला की खालचे पाणी कपड्यांवर उडू लागले.

या सर्व प्रयोगांच्या मुळाशी एक समान गैरसमज होता. बर्फ ही एका रात्रीची घटना आहे. ती येते, तिच्याशी झुंजायचे असते आणि ती सरते. शेवाळ मात्र आठवड्यांच्या ओलीत वाढते, आणि त्याला पाणी, सावली व खरखरीत किंवा मळकट आधार या तिन्हींची गरज असते. वाटांवर आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यात हिरव्या शैवालांबरोबर सायनोबॅक्टेरिया हे शैवालासारखे दिसणारे जिवाणूही असतात, आणि त्यांतील अनेक जाती उन्हाळ्यात वाळून काळ्या पापुद्र्यासारख्या निपचित पडून राहतात व पाणी मिळताच पुन्हा वाढू लागतात. मे महिन्यात फरशीवर दिसणारा जो काळपट डाग सगळे जुनाट मळ समजून सोडून देतात, त्यातच पुढील जुलैची निसरड आधीपासून दडलेली असते. वनस्पतिशास्त्र विभागाने हे दाखवून दिल्यावर बर्फाळ परिसरांतील ‘आधीच फवारणी’च्या कल्पनेला कोल्हापूरला साजेसे रूप सापडले : मृग नक्षत्राच्या आधी, कडक उन्हात, कोरड्या पृष्ठभागावरचा तो काळा थर तारेच्या खराट्याने खरवडायचा, ब्लिचिंग पावडर वापरायचीच असेल तर तेव्हा मोजून वापरायची, आणि धुतलेले पाणी तळ्याकडे न सोडता जमिनीत मुरवायचे.

पाणी कुठून येते, या मुकादमाच्या प्रश्नाकडे समिती अशी उशिरा वळली. पावसात छत्री घेऊन केलेल्या पाहणीत आढळले की पहिल्या श्रेणीच्या जवळजवळ प्रत्येक जागेवर पाणी आकाशातून कमी आणि इमारतीवरून जास्त पडत होते. पन्हळी फुटलेल्या, पन्हळीचे नळ जमिनीच्या हातभर वर संपलेले, गच्चीचे पाणी थेट उतारावर सोडलेले. ग्रंथालयाच्या उतारावरील पन्हळ दुरुस्त करून नळ गटारापर्यंत नेल्यावर आणि वरच्या झाडाच्या तीन फांद्या काढल्यावर त्या उताराला घासण्याची गरज बरीच कमी झाली. फांद्यांसाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागली आणि ती येईपर्यंत मघा नक्षत्र लागले. छाटणीचा अर्ज जानेवारीत करायचा, ही ओळ तेव्हा योजनेत घातली गेली.

ठेक्याचा प्रश्न

बर्फ हटवण्याचे ठेके साधारणपणे दोन प्रकारचे असतात. एकात प्रत्येक खेपेमागे पैसे मिळतात, त्यामुळे हिवाळा कडक गेला की संस्थेचे अंदाजपत्रक कोलमडते. दुसऱ्यात हंगामासाठी ठरावीक रक्कम असते, त्यामुळे हिवाळा सौम्य गेला तर ठेकेदाराचा फायदा आणि कडक गेला तर त्याला टाळाटाळीचा मोह. जोखीम कोणी उचलायची, एवढाच फरक.

प्रकरणातील संस्थेचा ठेका स्वच्छ केलेल्या क्षेत्रफळावर आधारित होता. चौरस मीटरला दर ठरलेला असल्यामुळे ठेकेदार मोठ्या, सपाट, यंत्राने झटपट होणाऱ्या चौकांकडे माणसे वळवत असे. अरुंद उतार, पायऱ्यांचे कोपरे आणि मोरीजवळच्या जागा यांत मेहनत अधिक आणि मोजमाप नगण्य असल्याने त्या राहून जात. यात ठेकेदाराची लबाडी शोधण्याचे कारण नाही. करारनाम्याने ज्याचे पैसे दिले तेच काम त्याने केले. आवार कागदोपत्री दरमहा बहुतांशी स्वच्छ होत होते आणि जे भाग राहत होते तेथेच माणसे घसरत होती.

उपअभियंत्याने मांडलेला पर्याय असा : पहिल्या श्रेणीच्या जागांसाठी क्षेत्रफळ विसरून जून ते सप्टेंबर अशी ठरावीक रक्कम द्यावी, आणि सकाळी सातच्या पाहणीत जागा निसरडी आढळल्यास त्या दिवसाची कपात करावी, तिसऱ्या श्रेणीसाठी मात्र क्षेत्रफळाचा दर चालू ठेवावा. यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप अपेक्षितच होता : निसरडे म्हणजे काय, हे मोजणार कसे? त्यावर दिलेले उत्तर पूर्ण समाधानकारक नाही. सुरक्षा पर्यवेक्षक, वसतिगृहाचा एक विद्यार्थी प्रतिनिधी आणि ठेकेदाराचा मुकादम अशा तिघांनी ओल्या जागेवर चालून पाहून सही करायची, असे ठरले. ओल्या पृष्ठभागाचे घर्षण मोजण्याची लंबकावर चालणारी उपकरणे असतात आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत तसे उपकरण घेता येईल, पण रोज पहाटे पावसात ते फिरवणे व्यवहार्य नाही. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकदा मोजून तिघांच्या अंदाजाची शहानिशा करण्यापुरते ते वापरावे, असा माझा कल आहे.

करारनाम्यात गमबूट, रेनकोट आणि हातमोजे यांची तरतूदही नव्याने आली. निसरड्या फरशीवर सर्वांत आधी पाय ठेवणारी व्यक्ती म्हणजे ती घासायला आलेली कामगार स्त्री, आणि पायांत बहुधा झिजलेली रबरी चप्पल. विद्यार्थ्यांच्या पडण्याची नोंदवही होती, कामगारांच्या पडण्याची नव्हती. आता एकच वही ठेवली जाते.

प्रलंबित बाबी

प्रकरण लिहिले जात असताना दोन निर्णय समितीपुढे पडून आहेत. पहिला प्रशासकीय इमारतीच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचा. पाट्याला टाकी लावतात तशी या पायऱ्यांना बारीक टाकी लावून त्यांची झिलई काढावी, असा अभियांत्रिकी विभागाचा प्रस्ताव आहे; दीक्षान्त समारंभाची मिरवणूक याच पायऱ्यांवरून जात असल्याने आणि मूळ वास्तुविशारदाने लेखी हरकत घेतल्याने तो अडला आहे. तडजोड म्हणून कठड्यालगतच्या दोनच पट्ट्यांना टाकी लावून मधला भाग पावसाळ्यात दोर बांधून बंद ठेवावा, अशी सूचना पुढे आली आहे. बर्फाळ विद्यापीठे पायऱ्या बंद ठेवतात, हा दाखला त्यासाठी दिला जातो. तो अर्धाच लागू आहे : तिथे बंद पायरीवर बर्फाचा ढीग असतो, इथे फक्त दोर असेल, आणि उशीर झालेला विद्यार्थी दोर ओलांडेल.

दुसरा निर्णय वसतिगृहाच्या रस्त्यावरील गुलमोहरांचा. पडलेल्या झाडाच्या रांगेत आणखी बरीच त्याच वयाची झाडे आहेत. सुरक्षा विभागाला ती सर्व काढून हवी आहेत, उद्यान विभागाला एकही काढायचे नाही, आणि विद्यार्थ्यांना मे महिन्यातील त्यांची सावली व फुले दोन्ही हवी आहेत. पोकळ खोडाची व एका बाजूला कललेली झाडे तेवढी परवानगीने काढावीत, उरलेल्यांचा भार छाटून हलका करावा, आणि मोकळ्या जागांत करंज किंवा ताम्हण लावावे, असा मसुदा तयार आहे. वृक्ष प्राधिकरणाकडे तो जानेवारीत गेला तरच एप्रिलच्या निविदेत छाटणीचे काम घालता येईल; तोपर्यंत वादळी वाऱ्याचा इशारा असलेल्या रात्री हा रस्ता वाहनांना बंद करून दुधाची गाडी मागील फाटकाने आणावी, अशी सोय सुरक्षा विभागाने आपल्या पातळीवर केली आहे.